उरलेल्या फुफ्फुसाची नोंद ठेवा

प्रति,
महाराष्ट्रातील छातीरोगतज्ज्ञ आणि छातीच्या शस्त्रक्रिया करणारे सर्व सर्जन

सन्माननीय डॉक्टर,

सविनय नमस्कार.

मागणी आधीच सांगते, म्हणजे ज्यांना पूर्ण पत्र वाचायला सवड नाही त्यांच्यापर्यंतही ती पोचेल. ज्या रुग्णाचं एक फुफ्फुस आपण पूर्ण काढता, त्याच्या उरलेल्या फुफ्फुसाची तपासणी ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी करा, वर्षानं करा आणि मग दरवर्षी करत राहा. निदान पंधरा वर्षं. आणि प्रत्येक वेळचा आकडा रुग्णाच्या हातातल्या कागदावर लिहून द्या.

मी छातीच्या रुग्णांसाठी काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, सांगली-मिरज भागातली. न्यूमोनेक्टॉमी, म्हणजे एक फुफ्फुस पूर्ण काढण्याचं ऑपरेशन, झालेले जे रुग्ण माझ्याकडे येतात त्यांतले बहुतेक कॅन्सरचे नसतात. टीबीनं किंवा वर्षानुवर्षांच्या जंतुसंसर्गानं एक बाजू पार निकामी झालेली असते, बेडक्यातून रक्त पडत असतं, गोळ्यांचे कोर्स होऊन गेलेले असतात आणि शेवटी ते फुफ्फुस काढावं लागतं. वयानं ही माणसं तरुण असतात. विशी, तिशी. त्यांच्यापुढे तीस-चाळीस वर्षांचं आयुष्य पडलेलं असतं आणि ते एका फुफ्फुसावर काढायचं असतं.

पंधरा वर्षं कशासाठी, ते सांगते. १९९५ साली अमेरिकेत एका ३३ वर्षांच्या बाईंचं उजवं फुफ्फुस कॅन्सरमुळे काढलं. ऑपरेशननंतर त्यांची श्वासाची क्षमता एकदम खाली आली, ती येणारच होती. पण पुढच्या पंधरा वर्षांत ती हळूहळू वर चढत गेली. वेळोवेळी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये डावं फुफ्फुस मोठं होत गेलेलं दिसलं, आणि नुसतं मोठं नव्हे, त्याची घनताही वाढलेली होती. हवा भरून फुगलेलं फुफ्फुस विरळ दिसतं, हे दाट होत होतं. मग हीलियम-३ हा वायू हुंगायला देऊन एमआरआय केला. या वायूचे कण वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, पोकळ्यांत किती फिरू शकतात यावरून त्या पोकळ्यांचं माप काढता येतं. जुनेच वायुकोश ताणले गेले असते तर पोकळ्या रुंद दिसायला हव्या होत्या. तशा त्या नव्हत्या. वायुकोशांची संख्या वाढली असली पाहिजे, असाच त्या मापांचा अर्थ निघत होता. हे नवे वायुकोश नेहमीपेक्षा उथळ होते, हेही त्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ही केस छापून आली.

आपल्यापैकी अनेकांनी ती वाचली असेल. माझ्या मनात मात्र त्यातल्या शोधाइतकीच आणखी एक गोष्ट घर करून राहिली आहे. ऑपरेशन होऊन गेलेली बाई, आणि तरी तिची तपासणी कुणीतरी पंधरा वर्षं करत राहिलं. दोन वर्षांनी फाइल बंद केली असती तर प्रौढ माणसाचं फुफ्फुस वाढू शकतं याचा हा पुरावा कुणाच्याच हाती लागला नसता.

प्रौढ माणसात वायुकोश नव्यानं तयार होत नाहीत, ते काम लहानपणीच संपतं, असं आपण सगळेच शिकलो. ते शिकवणं अगदी निराधारही नव्हतं. माणसाच्या दोन्ही फुफ्फुसांत मिळून सरासरी ४८ कोटींच्या आसपास वायुकोश असतात आणि त्यांचा मोठा वाटा आयुष्याच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतो. त्यामुळे एक फुफ्फुस काढल्यावर दुसरं फक्त फुगतं, अशी समजूत पक्की झाली.

प्राण्यांमध्ये मात्र वेगळं काही घडतं हे फार आधीपासून माहीत होतं. उंदराचं डावं फुफ्फुस काढलं, तर दोन-तीन आठवड्यांत उजव्या बाजूचे खंड वाढून हरवलेलं वजन बहुतांशी भरून काढतात. सगळ्यांत जास्त वाढतो तो हृदयाच्या मागे असलेला छोटा खंड, कारण रिकाम्या झालेल्या जागेकडे सरकायला त्यालाच वाव मिळतो. १९३९ साली एका संशोधकानं उंदरांच्या त्या रिकाम्या जागेत मेण भरून पाहिलं. जागा भरली आणि वाढ खुंटली. म्हणजे फुफ्फुसाला वाढायला सांगणारी पहिली गोष्ट ताण ही आहे. छातीत पोकळी झाली, उरलेलं फुफ्फुस तिकडे ओढलं गेलं, आणि त्या ओढीनं पेशी जाग्या झाल्या.

टेक्सासमधल्या डॉ. कॉनी सिया यांच्या गटानं कुत्र्यांवर केलेलं काम आपल्याला अधिक जवळचं आहे. प्रौढ कुत्र्याचं डावं फुफ्फुस काढलं, म्हणजे एकूण फुफ्फुसाचा ४२ ते ४५ टक्के भाग गेला, तर उरलेलं फुफ्फुस मुख्यतः पसरून भागवतं, नवी ऊती फारशी येत नाही. उजवं काढलं, म्हणजे निम्म्याहून जास्त भाग गेला, की खरीखुरी वाढ सुरू होते. उंबरठा ओलांडल्याशिवाय शरीर या कामाला हात घालत नाही. त्यांनी रिकाम्या जागेत फुगवलेली पिशवी बसवून ताणही कमी करून पाहिला, तेव्हा वाढ मंदावली पण पूर्ण थांबली नाही. ताणाखेरीज आणखीही काही चालू असतं. एक कारण डोळ्यांसमोरच आहे: हृदयातून निघणारं सगळं रक्त आता एकाच फुफ्फुसातून जातं.

हा ताण आणि हे वाढलेलं रक्त पेशींपर्यंत पोचतं कसं, यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काम झालं ते मी सवड मिळेल तसं वाचत आले आहे. वायुकोशाच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात. पहिल्या प्रकारच्या पातळ, पसरट, त्यांच्यातून प्राणवायू रक्तात उतरतो. दुसऱ्या प्रकारच्या गोलसर, त्या वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट नावाचा पदार्थ बनवतात, आणि गरज पडली की विभागून पहिल्या प्रकारच्या पेशी तयार करतात. ताण वाढला की दुसऱ्या प्रकारच्या पेशींच्या आतला सांगाडा घट्ट होतो आणि याप नावाचं प्रथिन केंद्रकात शिरून विभाजनाचा हुकूम देतं. बीजिंगमधल्या नान तांग यांच्या गटानं २०१६ साली उंदरांमध्ये हे दाखवलं. त्याच गटानं २०२० मध्ये याची दुसरी बाजूही पुढे आणली: या पेशींना नवे वायुकोश बनवता आले नाहीत आणि ताण तसाच चढा राहिला, तर फुफ्फुस कडेकडून घट्ट व्हायला लागतं, फायब्रोसिस होतो. ताण हवा आणि त्याला उत्तर देणाऱ्या पेशीही शाबूत हव्यात.

वाढीचे घटक, म्हणजे ग्रोथ फॅक्टर, या साखळीत पुढे येतात. केवळ भिंत वाढून भागत नाही, भिंतीत केशवाहिन्या हव्यात, नाहीतर हवा येईल आणि रक्त भेटणारच नाही. न्यूयॉर्कमध्ये शाहीन रफी आणि बी-सेन डिंग यांनी २०११ साली उंदरांमध्ये दाखवलं की केशवाहिन्यांच्या अस्तरपेशी इथे नुसत्या पाहुण्या नसतात. फुफ्फुस काढल्यावर व्हीईजीएफ आणि एफजीएफ या घटकांचे संदेश टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) त्या अस्तरपेशींवर जागे होतात, मग त्या एमएमपी-१४ नावाचं विकर (एन्झाइम) सोडतात, आणि ते विकर आसपास अडकून पडलेले ईजीएफ जातीचे घटक मोकळे करतं. हे मोकळे झालेले घटक वायुकोशांच्या पेशींना वाढायला लावतात. पुढे २०१५ मध्ये त्याच गटानं या सगळ्याला चालना देण्यात रक्तातल्या प्लेटलेट्सचाही हात असल्याचं दाखवलं. शिवाय यकृताच्या वाढीमुळे ओळखला जाणारा एचजीएफ आणि वायुकोशांच्या भिंतीतल्या पेशींना वाढवणारा केजीएफ, हे दोन्ही फुफ्फुस काढलेल्या उंदरांमध्ये ही वाढ पुढे रेटतात. बाहेरून केजीएफ दिला किंवा व्हीईजीएफ दिला तरी वाढ वेगानं होते, असेही प्रयोग आहेत.

मला हे वाचताना दर वेळी भरून येतं. ज्या अवयवाबद्दल मी रुग्णांना “आहे ते जपा” एवढंच सांगत आले, त्याच्या आत वाढीची इतकी तयारी असते.

आणि नेमकं इथेच रुग्ण फसवला जातो, म्हणून पुढचा भाग आपल्या तोंडून त्याला ऐकायला मिळाला पाहिजे. गेल्या काही वर्षांत रुग्ण मोबाइलवरचे व्हिडिओ घेऊन येतात. “मॅडम, फुफ्फुस परत उगवायचं इंजेक्शन निघालंय म्हणे, ग्रोथ फॅक्टरचं. स्टेमसेलचं. तीन लाख सांगतात.” घर गहाण टाकायच्या तयारीत असलेला नवरा समोर बसलेला असतो. त्यांना मी सांगते ते असं: उंदरांत चाललेली गोष्ट माणसांत चालतेच असं नाही. केजीएफ हे माणसांना दिलं जाणारं औषध आहे, पण ते रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारांत तोंड सोलवटू नये म्हणून. तेच औषध फुफ्फुसाला तीव्र इजा झालेल्या, व्हेंटिलेटरवरच्या ६० रुग्णांच्या चाचणीत वापरून पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा औषध मिळालेल्यांची अवस्था न मिळालेल्यांपेक्षा वाईट निघाली. रेटिनॉइक आम्लानं उंदरांतला एम्फिसीमा, म्हणजे वायुकोशांच्या भिंती झिजण्याचा आजार, भरून निघाल्याचं १९९७ साली छापून आलं, तेव्हा केवढी आशा निर्माण झाली होती. माणसांवरच्या चाचण्यांत ठोस फायदा दिसला नाही.

कॅन्सरसाठी फुफ्फुस काढलेल्यांच्या बाबतीत तर धोका सरळ आहे. व्हीईजीएफ नव्या रक्तवाहिन्या आणतं, आणि गाठीलाही त्याच हव्या असतात. फुफ्फुसाच्या काही कॅन्सरमध्ये आपण बेव्हासिझुमॅब हे औषध देता ते व्हीईजीएफला अडवण्यासाठीच. फुफ्फुसाचा भाग काढल्यानंतरच्या वाढीच्या काळात उंदरांमध्ये रसायनानं होणाऱ्या गाठी जास्त येतात, हे १९९९ सालीच दाखवलं गेलं आहे. शरीराबाहेरून “वाढ” टोचणाऱ्यांना हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांखेरीज स्टेमसेलचा कुठलाही वापर हा मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घेता येत नाहीत. हे वाक्य प्रत्येक छातीच्या ओपीडीच्या भिंतीवर मराठीत लावा, ही माझी जाता जाता दुसरी विनंती.

मग उरलेल्या फुफ्फुसासाठी आज खरोखर हातात काय आहे? चालणं, श्वास, व्यायाम, पोषण, वर्षाची फ्लूची लस, सिगारेट आणि चुलीच्या धुरापासून लांब राहणं, आणि नोंद. १९९५ च्या त्या केसबद्दल लिहिताना डॉक्टरांनी बाईंच्या नियमित व्यायामाचा, म्हणजे श्वासागणिक फुफ्फुसावर येणाऱ्या ताणाचा, वाढीशी संबंध असू शकतो असं सुचवलं. एका माणसावरून नियम होत नाही. पण शंभर माणसांवरून निदान प्रश्न तरी नीट मांडता येतो, आणि ती शंभर माणसं अमेरिकेपेक्षा आपल्याकडे लवकर सापडतील.

या मुद्द्यावर मला थोडं जास्त लिहायचं आहे. पाश्चात्त्य देशांत आज पूर्ण फुफ्फुस काढावं लागतं ते बहुधा कॅन्सरसाठी, साठी-सत्तरीतल्या माणसांचं. त्यांतले कितीतरी पंधरा वर्षं जगत नाहीत, आणि जगलेल्यांचं उरलेलं फुफ्फुस सिगारेटनं आधीच झिजलेलं असतं. आपल्याकडे जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आहे. आपले रुग्ण तरुण आहेत, अनेक स्त्रिया आहेत, बहुतेक जणींनी बिडी-सिगारेटला हात लावलेला नाही. दुसरी बाजू निरोगी असेल तर फुफ्फुस वाढण्याची शक्यता ज्यांच्यात सगळ्यांत जास्त, ती हीच माणसं. नेदरलँड्समध्ये १९८७ साली लहानपणी आणि किशोरवयात न्यूमोनेक्टॉमी झालेल्यांचा तीस वर्षांनंतरचा आढावा प्रसिद्ध झाला होता. ऑपरेशनच्या वेळी वय जितकं कमी, तितकं उरलेलं फुफ्फुस अधिक भरून काढतं, असं त्यातून पुढे आलं. असा आढावा आपण घेतला, तर जगाला उपयोगी पडेल.

माझी एक रुग्ण आहे, जत तालुक्यातली, शिवणकाम करते. विशीतच तिचं डावं फुफ्फुस काढलं. तिनं डिस्चार्ज कार्ड लॅमिनेट करून ठेवलंय, देवाच्या फोटोमागे ठेवते म्हणाली. त्यावर ऑपरेशनची तारीख आहे, औषधं आहेत, “जड उचलू नये, विश्रांती घ्यावी” आहे. किती दिवस, ते लिहिलेलं नाही, म्हणून ती कित्येक वर्षं हंडा उचलायला घाबरत होती. फाइलमध्ये ऑपरेशनपूर्वीची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून श्वासाची क्षमता मोजायची तपासणी, आहे. ऑपरेशननंतरची एकही नाही. छातीचा फोटो पाहिला की डावी बाजू पूर्ण पांढरी, श्वासनलिका तिकडे ओढलेली, हृदय डाव्या काखेकडे सरकलेलं, आणि उजवं फुफ्फुस मधली रेषा ओलांडून पुढून डावीकडे डोकावणारं.

तिची स्पायरोमेट्री मी केली. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, “घ्या, घ्या, घ्या, भरून घ्या, आता सोडा, सोडा, सोडा, अजून, अजून.” डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती फुंकत राहिली. आकडा आला तो एका फुफ्फुसाच्या मानानं चांगला होता. तिचं म्हणणं, ऑपरेशननंतर पहिल्या वर्षी दोन घरं चाललं तरी दम लागायचा, आता बाजार करून येते. मला तिनं विचारलं, “म्हणजे ते वाढलंय का?”

उत्तर देण्यासाठी मला ऑपरेशननंतरच्या तिसऱ्या महिन्याचा एक आकडा हवा होता. तो कुठेच नाही. फुफ्फुस वाढलं असेल, नुसतं फुगलं असेल, पायांचे आणि श्वासाचे स्नायू तयार झाले असतील, किंवा जपून चालायची सवय लागली असेल. चारही शक्यता तितक्याच खऱ्या, आणि त्या वेगळ्या करायचं साधन तिच्या फाइलमधून गायब आहे.

म्हणून काय मोजावं याबद्दलही लिहिते. केवळ स्पायरोमेट्री पुरेशी नाही हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. फुगलेलं फुफ्फुसही मोठा आकडा दाखवतं. रक्तात वायू किती उतरतो ते सांगणारी डीएलसीओ तपासणी सोबत हवी, कारण पृष्ठभाग खरंच वाढला असेल तरच ती टिकून वर राहते. सहा मिनिटांत चाललेलं अंतर आणि त्या वेळचा ऑक्सिजन. वजन, हिमोग्लोबिन. सीटी दर वर्षी नको, रेडिएशन आहे. पण कमी मात्रेचा एक ऑपरेशननंतर वर्षाच्या आत आणि एक पाच-सात वर्षांनी काढला, तर आकारमान आणि घनता यांवरून फुफ्फुसाच्या ऊतीचं वजन काढता येतं. वाढणाऱ्या वयात ऑपरेशन झालं असेल तर पाठीचा कणा वाकतोय का तेही पाहायला हवं. हीलियमच्या एमआरआयची वाट पाहायची गरज नाही. डीएलसीओचं यंत्र प्रत्येक जिल्ह्यात नाही, तिथे स्पायरोमेट्री आणि सहा मिनिटांत चाललेलं अंतर एवढ्यावर सुरुवात होऊ शकते.

शासनाच्या पातळीवर दारं अगदी बंद नाहीत. टीबी कार्यक्रमात उपचार संपल्यावर सहा-सहा महिन्यांनी दोन वर्षं पाठपुरावा सांगितलेला आहे, पण तो आजार उलटला का हे पाहण्यासाठी. ज्यांचं फुफ्फुस काढलंय त्यांच्यासाठी तोच पाठपुरावा पुढे न्यावा आणि त्यात श्वासाची तपासणी घालावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुराव्याची पॅकेजेस आधीपासून आहेत. न्यूमोनेक्टॉमीसाठी वर्षातून एक तपासणी आणि सुरुवातीचे काही आठवडे फुफ्फुस-पुनर्वसन असं पॅकेज आपण सर्जननी एकत्र मागितलं, तर ती मागणी एका फिजिओथेरपिस्टच्या अर्जापेक्षा नक्कीच जास्त ऐकली जाईल.

ओपीडीत शंभर रुग्ण रांगेत असताना बऱ्या झालेल्याला बोलावून तपासायचं कधी, हा आक्षेप मी अनेकदा ऐकलाय आणि तो खरा आहे. पण हे काम आपल्यालाच करायला हवं असं नाही. फिजिओथेरपी विभागाकडे द्या. रुग्ण परत येत नाहीत, हेही खरं. पण त्यांना परत या असं कुणी सांगितलेलंच नसतं. तारीख लिहून दिली, एक फोन केला, तर बरेच येतात, कारण आपलं उरलेलं फुफ्फुस कसं आहे हे जाणून घ्यायची इच्छा त्यांच्याइतकी कुणालाच नसते.

१९३३ साली सेंट लुईसमध्ये डॉ. एव्हर्ट्स ग्रॅहम यांनी कॅन्सरसाठी एका डॉक्टरचं पूर्ण डावं फुफ्फुस काढलं. तो रुग्ण पुन्हा आपल्या कामाला लागला आणि जवळपास ३० वर्षं जगला. ग्रॅहम स्वतः १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरनं गेले. एका फुफ्फुसावर माणूस दीर्घकाळ जगतो, हे इतकं जुनं ज्ञान आहे. त्या दीर्घ काळात त्या फुफ्फुसाचं काय होत जातं, याचं आपल्या लोकांपुरतं उत्तर आपल्याजवळ नाही, आणि ते मिळवायला नवं औषध किंवा नवी इमारत लागत नाही.

आपल्या पुढच्या न्यूमोनेक्टॉमीच्या रुग्णापासून सुरुवात करावी, ही विनंती. डिस्चार्ज कार्डावर तीन ओळी वाढवा: तिसऱ्या महिन्याच्या तपासणीची तारीख, त्या दिवशीच्या आकड्यासाठी एक चौकट, आणि “विश्रांती” या शब्दापुढे ती किती आठवड्यांची ते. आमच्या भागातल्या रुग्णांची स्पायरोमेट्री आणि चालण्याची चाचणी करायला आणि त्याची वही ठेवायला मी तयार आहे. इतर जिल्ह्यांतले माझे व्यवसायबंधू-भगिनीही तयार होतील. जुन्या ऑपरेशनचे कागद आपल्या रेकॉर्ड रूममध्ये असतील, तर ते नष्ट करण्याआधी त्यातल्या न्यूमोनेक्टॉमीच्या फाइली तेवढ्या बाजूला काढून ठेवाव्यात.

आपली विश्वासू,
छातीच्या रुग्णांची एक फिजिओथेरपिस्ट
सांगली जिल्हा